अमकी, तमकीची मुलगी

प्राध्यापकांच्या वर्गात दरवर्षी एका वाडग्यावर हशा पिकायचा. मातीचा, दीड हजार वर्षांपूर्वीचा वाडगा. आतून गोल गोल ओळींत ज्यू मांत्रिकाने लिहिलेला मंत्र. लेकराचा ताप उतरावा म्हणून उंबऱ्याखाली पालथा पुरलेला. अशा मंत्रात रोग्याचं नाव आईच्या नावासकट घालायची रीत. मांत्रिकांच्या पोथीत त्या जागी नुसतं 'अमकी, तमकीची मुलगी' असायचं. या पठ्ठ्याने तेच तसंच्या तसं उतरवलेलं!

"गिऱ्हाईक दारात, आणि याची अक्कल गहाण!" सर म्हणायचे. पोरं खिदळायची. एके काळी त्यांची लेक याच वर्गात पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्याने हसायची.

आता त्या लेकीची लेक इस्पितळात होती. ताप मेंदूत गेला होता. औषध लागू पडतंय की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळेल असं डॉक्टर म्हणाले होते. लेक औषधं आणायला खाली गेली, तसा सरांनी खिशातून कागद काढला आणि तोच मंत्र लिहिला, जुन्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. तो त्यांना तोंडपाठ होता. घडी घालून त्यांनी तो नातीच्या उशीखाली सारला आणि साळसूदपणे वर्तमानपत्र उघडलं.

परत आल्यावर उशी सारखी करताना लेकीला कागद सापडला. ती लिपी तिला त्यांनीच शिकवली होती.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"अगं, सहज. हाताला चाळा."

"मग हिचं नाव कुठंय?"

सरांनी कागद घेतला. अमकी, तमकीची मुलगी. सुबक, स्वच्छ अक्षरात.

मंत्र लिहिल्याची लाज केव्हाच मागे पडली. सख्खा आजोबा, बारशाला पोरीचं नाव सुचवणारा, आणि घाबरल्यावर हाताने उतरवलं ते पोथीतलंच. त्यांच्या कानशिलांपर्यंत आग आग झाली.

"त्या मांत्रिकाचंच पोर आजारी असेल गं," ते कसेबसे म्हणाले. "आणि मी इतकी वर्षं त्याला हसलो."

"मीही हसले," लेक म्हणाली. तिने पेन मागून घेतलं, त्या ओळीवर काट मारली, वर मुलीचं नाव आणि शेजारी स्वतःचं लिहिलं, आणि कागद परत उशीखाली ठेवला.

ताप उतरला. औषधाने उतरला, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या सत्रात वर्गाच्या पडद्यावर वाडगा आला. वरच्या वर्गातल्यांकडून विनोद ऐकून आलेली पोरं आधीच ओठ दाबून बसली होती.

"इथे नाव घालायचं राहिलंय," सर म्हणाले. "लिहिणारा फार घाबरलेला असावा."

तरी मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलंच. सर रागावले नाहीत. ते हसू त्यांनीच शिकवलेलं होतं.