बाई, सर आणि चिमणीचा बसलेला गळा

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जाळीला तीन पोचे, वायरीला चिकटपट्टी. पण कान अजून शाबूत आहेत. कारखान्यातून निघालो तो थेट एका कॉलेजच्या गाण्याच्या खोलीत आलो. तिथे एक बाई आणि एक सर पॉप गाणं शिकवत. किती ओठ माझ्याजवळ आले, किती काळजांची धडधड मी ऐकली, मोजदाद नाही.

एका वर्षी प्राचार्यांनी वर्गाचे दोन भाग केले. अर्धी मुलं बाईंकडे, अर्धी सरांकडे. ज्या पद्धतीची मुलं परीक्षेत चांगली गातील, तीच पद्धत पुढे चालवायची. बाई म्हणत, "आधी श्वास, मग सूर, गाणं त्यानंतर." त्यांची मुलं मांडीवर बोटं आपटत श्वास मोजत. सर रेकॉर्ड लावत आणि म्हणत, "ऐका आणि तस्संच गा!"

सरांकडे एक मुलगी होती. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिने ते "तस्संच" फारच मनावर घेतलं. रेकॉर्डमधल्या गायिकेला सर्दी झाली असावी. दुसऱ्या ओळीनंतर ती नाक ओढायची. चिमणीला वाटलं, तेही गाण्यातच आहे. तीही ओढायची! वर तो घोगरा आवाज काढता काढता बिचारीचा गळाच बसला. परीक्षा आठ दिवसांवर. नापास झाली तर गाण्याचा वर्ग कायमचा सुटणार होता. मला दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली, आणि माझ्यातून नुसती हवा गेली.

सर तिला घेऊन बाईंकडे आले.

"बाई, चुकलंच माझं. पोरगी गाते, पण दुसरीच्या गळ्यानं."

बाई हसल्या. "बसा. माझा एक पठ्ठ्या काल ऐन कडव्यात मोठ्यांदा 'चार' म्हणाला. मोजता मोजता गाणंच विसरला."

"म्हणजे आपण दोघंही नापास!"

"आपलं राहू द्या हो. हिचं बघू."

तीन दिवस बाईंनी तिला बोलूही दिलं नाही. चौथ्या दिवशी नुसता श्वास, मग हळूहळू गुणगुणणं. शेवटी सर म्हणाले, "आता रेकॉर्ड बंद. आईशी फोनवर बोलतेस ना, तसं सांग गाणं."

परीक्षेत चिमणी गायली. माझ्या जाळीवर दव उतरावं, तसा तो आवाज आला.

"वा! ही कोणाच्या पद्धतीची?" परीक्षकांनी विचारलं.

"बाईंच्या," सर म्हणाले.

"सरांच्या," त्याच क्षणी बाई म्हणाल्या.

"अहो, इथे रकाना एकच आहे!"

"दोन्ही नावं बसतील," चिमणी पुटपुटली. "बारीक अक्षरात लिहा."

चिमणी पास झाली. पुढच्या वर्षी वर्ग एकच राहिला आणि शिकवायला दोघंही.

नंतर बिनवायरीचे माइक आले. मी कपाटात गेलो. रुसलो नाही, पण एकटं वाटतं. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी हाती आला, तर त्याच्यावर टकटक करू नका, फुंकर मारू नका. आणि कुणाचा गळा बसला, तर त्याला थोडं गप्प राहू द्या. मग जवळ बसा, आणि जो निघेल तो आवाज ऐका.