उपसरपंचांची खुर्ची आणि चौदा रेघा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. ग्रामपंचायतीच्या कचेरीतली, पण सरपंचांची नव्हे, त्यांच्या शेजारची. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात ‘उपसरपंच’ असं लिहिलं आहे. रंग पुसट झाला आहे, पण जवळ आलात तर वाचता येईल.

पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला बाभूळटेक नावाचं आमचं गाव. पंचायतीची दोन खोल्यांची इमारत झाली, तेव्हा सहादेव सुतारांनी एकाच लिंबाच्या खोडातून दोन खुर्च्या केल्या. गावच्या जुन्या माणसांनी त्यांना बजावलं होतं, “सहादेवा, सरपंचाची पाठ उंच ठेव. उपसरपंच दोन बोटं खाली पायजे.” सहादेवांनी ऐकलं आणि माझी पाठ दोन बोटं कापली. पण रंधा मारता मारता मला म्हणाले, “पाठ कमी केली गं बाई, पन पाय सारखेच ठेवलेत. बसनारं मानूस खाली-वर व्हायचं न्हाई.”

ते बोलणं मी जपून ठेवलं आहे.

माझं काम काय, असं पुष्कळ जण विचारतात. सरपंच नसतील तेव्हा सभा चालवायची. सरपंचांनी एखादं काम लिहून सोपवलं, तर ते करायचं. आणि सरपंच सलग पंधरा दिवसांहून जास्त गावाबाहेर राहिले, तर त्यांचे अधिकार माझ्यावर बसणाऱ्याकडे येतात. एरवी नुसतं शेजारी बसायचं. हे शेजारी बसणंही सोपं नसतं बरं का. दोन तास गप्प बसून ऐकून घेणारा माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला.

पूर्वी उपसरपंच पाच वर्षं टिकायचा. पुढे सदस्यांनी आपसात पाळ्या लावल्या. एकेकाला एक वर्ष. निवड झाली की गुलाल उधळायचा, फोटो निघायचा, चौकात फ्लेक्स लागायचा आणि वर्ष भरलं की ठरल्याप्रमाणे राजीनामा. गावात मोटारसायकलींवर ‘माजी उपसरपंच’ इतके झाले, की शिपाई वाल्मिक म्हणायचा, “आता एक ‘आजी’ सापडला तर दाखवा.” फोटोनंतर माझ्याकडे कोण फिरकणार? माझ्यावर डबे आले, हेल्मेटं आली, पाण्याचा जार आला. माझी जोडीदारीण अंगणवाडीत गेली आणि तिच्या जागी चाकांची, फिरती, पाठीवर टॉवेल टाकलेली खुर्ची आली. ती माझ्याहून वीतभर उंच होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग बनुबाईंची पाळी आली.

बनुबाई साठीच्या पुढच्या. सारं गाव त्यांना आत्या म्हणतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावरचा डबा उचलून वाल्मिकच्या हातात दिला. म्हणाल्या, “जेवान जेवायच्या जागी ठेव रं.” मग पदरानं मला पुसलं. त्यांना वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची. कचेरीत कुणी नसलं की त्या मला भिंतीकडून वळवायच्या आणि माझ्या पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या. ‘उ’ला आठवडा लागला. दुसऱ्या ‘प’वर टिंब का, यावर वाल्मिकशी भांडण झालं. पण त्या सहा अक्षरांवरून त्यांनी पुढची सगळी अक्षरं ओढून आणली. खरं सांगायचं तर मीही त्यांच्याबरोबरच शिकले. तोवर माझ्या पाठीवर काय लिहिलंय, ते मला कुठं ठाऊक होतं!

सरपंच होती ज्ञानेश्वरी. वय तिशीचं, गावानं थेट मतदानानं निवडून दिलेली. पण दसरा झाला की तीही नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. आमचं अर्धं गाव जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, नाहीतर कुलपं. पोरं आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. म्हणून त्या वर्षी दोघींनी ठरवलं, की गावातच पोरांसाठी हंगामी वसतिगृह आणायचं. आईबाप परत येईपर्यंत पोरं तिथं जेवतील, झोपतील आणि शाळेत जातील.

तालुक्याहून वसतिगृहाचा कागद यायला उशीर होता. ट्रक मात्र दारात उभे राहिले. तेव्हा बनुबाई घरोघर फिरल्या. “पोरं ठेवून जावा. तीन आठवडे मला द्या. वसतिगृह न्हाई झालं, तर मुकादमाच्या दुसऱ्या ट्रकात मी सोता पोरं बसवून दीन.” त्या शब्दावर एकतीस पोरं गावात थांबली. त्यांत ज्ञानेश्वरीची मुलगीही होती.

ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. ज्ञानेश्वरीनं निघताना त्यांना विचारलं, “आत्यांच्या नावानं काही लिहून देऊ का?” भाऊसाहेब घाईत होते. म्हणाले, “गरज नाही. पंधरा दिवस उलटले की अधिकार आपोआप येतात. कागद त्यानंतरच येणार.”

चूक झाली ती इथं.

दुसऱ्या दिवसापासून बनुबाई कचेरीत आल्या की खिळ्यानं माझ्या हातावर एक रेघ ओढायच्या. अक्षरं आली तरी मोजायची जुनी सवय सुटली नव्हती. मला खिळा टोचायचा, पण मी सोसलं. दहा रेघा झाल्या आणि बनुबाईंना ताप आला. त्या घरी पडल्या. पुढच्या रेघा त्यांच्या सांगण्यावरून वाल्मिक ओढू लागला.

चौदाव्या दिवशी सकाळी वाल्मिकनं रेघ ओढली, तोच तालुक्याहून कागद आला. पाच दिवसांच्या आत सरपंचांच्या सहीनं परत पाठवायचा होता. बनुबाई शाल पांघरून, भिंत धरत धरत कचेरीत आल्या. भाऊसाहेबांनी माझ्या हातावरच्या रेघा मोजल्या आणि खूश झाले.

“दोनच दिवस, आत्या. परवा तुम्हीच सही करा.”

बनुबाई माझ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊसाहेब, ज्ञाना येऊन गेली.”

“कुठं?”

“हितं. परवा सांजच्याला. मला ताप हाय म्हनून कुनीतरी फोन केला. काकवीची बाटली घेऊन आली. रातभर माझ्या उशाशी बसली आन काल फाटंच्या गाडीनं गेली.”

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. सलग पंधरा दिवस हवे होते. सलगपणा तुटला होता आणि दिवस पुन्हा एकापासून मोजायचे होते.

दारात आप्पासाहेब उभे होते. ते पंचायतीचे सदस्य, पुढच्या वर्षी पाळी त्यांची. ते म्हणाले, “आत्या, कुनी बघितलं तिला? एक रात तर हुती. न्हाई आली म्हनून लिवून टाका. पोरांचं काम हाय, देव बी रागवायचा न्हाई.”

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. “मला तर काही माहीत नाही,” ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, मी बनुबाईंच्या हाताखाली होते. त्यांचं बोट शेवटच्या रेघेवर थांबलं होतं. दुसरा ट्रक आठवड्यात येणार होता. एकतीस पोरांचा शब्द त्यांच्या डोक्यावर होता. एक ओळ लिहिली असती, की सुटल्या असत्या.

“फोन करून बोलवा की तिला,” वाल्मिक म्हणाला.

“मुकादम आता सोडायचा न्हाई. माझ्यापायी आली तवाच लई बोलला तिला.”

“मग सहीचा फोटो मागवा मोबाईलवर.”

“तालुक्याला चालत नाही,” भाऊसाहेब म्हणाले.

बनुबाईंनी शाल सावरली. “आप्पा, माझ्या उशाशी लेकीवानी बसलेलं मानूस. ती आलीच न्हाई, असं माझ्या हातानं मी कसं लिहू? साठ वर्सांनी अक्षरं आली मला. ती काय ह्याच्यासाठी?”

आप्पासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, “उद्या फलटणच्या बाजूला, ज्ञानाच्या फडाकडं टेम्पो जातुया. टोळ्यांना बाजरी घेऊन. पन केबिनमधी जागा न्हाई बगा.”

“मागं बसंन.”

“तुमी? तापातनं उठून? गोन्यांवर?”

“गोन्यांवर कशाला? माझी खुर्ची हाय की.”

भाऊसाहेब दचकले. “दप्तरातली वस्तू अशी बाहेर नेता येत नाही, आत्या.”

“ती वस्तू न्हाई. ती माझी जागा हाय.”

वाल्मिक दोर शोधायला निघालाच होता. जाता जाता म्हणाला, “काळजी करू नका भाऊसाहेब, पंधरा दिवसांच्या आत परत आनतो!”

अशी मी जन्मात पहिल्यांदा गावाबाहेर पडले. बाजरीच्या गोण्यांमध्ये मला दोरानं आवळलं होतं. माझ्यावर बनुबाई, त्यांच्या मांडीवर पिशवीत कागद आणि शेजारी गोणीवर वाल्मिक. रस्ताभर लोक बघून हसत होते. बनुबाई त्यांना नमस्कार करत होत्या.

दुपारी आम्ही उसाच्या फडात पोचलो. ज्ञानेश्वरी डोक्याला फडकं बांधून ऊस तोडत होती. आम्हाला पाहताच हातातला कोयता टाकून धावत आली.

“आत्या! पोरीला काय झालं?”

“काय न्हाई झालं. आधी बस.”

“कुठं?”

“ह्या खुर्चीवर. सरपंच हायेस तू. उभ्यानं सही करू नगं.”

बाया कोयते थांबवून हसू लागल्या. “अगं बया, सरपंचाला फडात खुर्ची आली! आता मोळ्या कोन उचलनार?”

ज्ञानेश्वरीनं लुगड्याला हात पुसले आणि ती माझ्यावर टेकली. बनुबाई उभ्या राहिल्या. त्यांनी कागद काढला आणि ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘स्थलांतरित’वर त्या अडल्या. ज्ञानेश्वरीला तो शब्द येत होता, पण तिनं सांगितला नाही. ती वाट बघत राहिली. मीही मनात अक्षरं जुळवत होते. तिसऱ्या खेपेला बनुबाईंनी तो शब्द ओलांडला. तेव्हा फडात कुणी हसलं नाही.

ज्ञानेश्वरीनं माझ्या हातावर कागद ठेवून सही केली. मग तिनं विचारलं, “ह्या रेघा कसल्या, आत्या?”

“तू नव्हतीस त्याच्या.”

तिनं त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग वाल्मिककडून कोरा कागद मागून घेतला आणि हंगाम संपेपर्यंत सरपंचाची कामं उपसरपंच बनुबाई यांनी बघावीत, असं सरळ अक्षरात लिहून दिलं.

बनुबाईंनी तो कागद दोनदा वाचला. घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, “आता कवाबी ये गं. सांजच्याला ये, फाटंला ये. मला मोजायला लागायचं न्हाई.”

कागद मुदतीत तालुक्याला गेला. दुसरा ट्रक आला, तेव्हा बनुबाई शब्दाप्रमाणे रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पण पोरांना बसवायला नव्हे. ट्रक रिकामा जातो की नाही, ते बघायला. तो रिकामाच गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळ्या परतल्या. पहिल्या सभेला ज्ञानेश्वरी आपल्या फिरत्या खुर्चीवर बसली आणि तिनं शेजारी बघितलं. बनुबाई वीतभर खाली होत्या. तिनं खुर्चीखालचा खटका दाबला. खुर्ची फुस्स करत खाली आली आणि माझ्या बैठकीच्या बरोबरीला येऊन थांबली. मला सहादेव सुतार आठवले.

वर्ष भरलं, तसा बनुबाईंनी ठरल्याप्रमाणे राजीनामा दिला. आप्पासाहेब आले. वाल्मिक मला घासायला पॉलिशपेपर घेऊन बसला, तर त्याला म्हणाले, “बाकीचं घास. त्या रेघा ऱ्हाऊ दे.”

आता माझा एक पाय जरा हलतो. त्याखाली कागदाची घडी घातली आहे. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या गावच्या पंचायतीत कधी गेलात, तर मोठ्या खुर्चीला नमस्कार जरूर करा. पण तिच्या शेजारच्या खुर्चीवर डबा असेल, तर तो तेवढा उचलून बाजूला ठेवा. कुणी सांगावं, तिथं बसायला कुणीतरी भिंत धरत धरत येत असेल.