सात नंबरचं टेबल

आमच्या काटे दुरुस्तीच्या दुकानात एक नियम आहे आणि तो आमच्या वडिलांनी, आप्पांनी घालून दिलेला आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नाही. वजनकाटा एकाने जुळवायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. ज्याने जुळवला त्यानेच तपासला तर तो काटा दुकानाबाहेर जात नाही, गिऱ्हाईक कितीही नाचलं तरी. शिशाच्या एका सीलवर दोघांचे दोन शिक्के, एक या अंगाने, एक त्या अंगाने. तपासणाऱ्याला चूक सापडली तर त्याने ती चुकांच्या वहीत लिहायची, ज्याची चूक त्याने खाली सही करायची आणि त्या दिवशीचा चहा त्यानेच करायचा. आप्पा गेले, पण वही चालू आहे. आता सहावी.

शिक्के दोघा भावांकडे आहेत. दादा थोरला, मी मधली आणि शेंडेफळ तो धाकटा. मी काउंटर सांभाळते, गिऱ्हाइकांची समजूत काढते आणि दोघांची डोकी ठिकाणावर ठेवते. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, आणि त्याचं कौतुक कोणालाही नाही.

तर राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली आणि दादाचा पक्ष हरला. दादा त्या पक्षाचा अगदी कट्टर. नव्या राष्ट्रपतींनी शपथ घेऊन दोन महिने झाले तरी त्यांच्यासाठी 'राष्ट्रपती' हा शब्द दादाच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. नुसतं 'तो'. रेडिओवर बातम्यांत शब्द आला की हातातलं काम टाकून उठायचा आणि रेडिओचा कान पिळायचा. वजनमाप खात्याचं पत्र आलं, त्यावर वरती 'राष्ट्रपतींच्या आदेशानुसार' असं छापलेलं. दादाने तेवढ्यावर अंगठा ठेवून खालचं पत्र वाचलं.

"दादा, अंगठा काढ. चावत नाही तो कागद," मी म्हटलं.

"तो निवडून आलेला नाही. बसवलेला आहे."

बरं बाबा, बसवलेला तर बसवलेला. दर दोन घरं सोडून एक असा माणूस आहे, त्याचं मला काही वाटत नव्हतं. अडचण एवढीच की मतं मोजायला आमचा धाकटा होता.

मोजणीला सरकार नेहमीच हात स्थिर असलेली माणसं बोलावतं. पोस्टातल्या बाई, शाळेचे गणिताचे मास्तर, औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, आणि वजनमापवाला म्हणून धाकटा. शाळेच्या हॉलमध्ये बारा टेबलं होती, त्यातलं सात नंबरचं त्याचं. सकाळी सातला गेला तो दिवेलागणीला परत आला. मान आखडलेली, डोळे लाल, पण चेहऱ्यावर असं समाधान की मी त्याला न मागता दोन पोळ्या जास्त वाढल्या.

ठिणगी पडली ती एका मंगळवारी, भर दुकानात. दादा एका गिऱ्हाइकाला रंगात येऊन सांगत होता, "अहो, सगळी मोजणी खोटी. मोजणाऱ्यांनीच हात मारला."

धाकटा आत बाकावर एक काटा खोलून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "दादा, सात नंबरच्या टेबलावर कोण होतं?"

"तुझं नाही म्हणत मी."

"मग कोणाचं? सहा नंबरवर पोस्टातल्या बाई होत्या. आठ नंबरवर मास्तर. त्यांनी तुझ्या पोरीला फुकट गणित शिकवलं."

"त्यांचंही नाही रे. बाकीच्यांचं."

"तू 'सगळी' म्हणालास. सगळ्यांत मी येतो."

गिऱ्हाईक शहाणं होतं, नंतर येतो म्हणून सटकलं. धाकट्याने हात पुसले, आपला शिक्का खणात टाकला आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. "ताई, हा हात खोटं मोजतो असं ज्याला वाटतं, त्याने या हाताचा शिक्का कशाला मागावा? त्याने स्वतःच जुळवावं, स्वतःच तपासावं."

म्हणजे दुकान बंद. कारण एका शिक्क्याने आमच्याकडून काहीही बाहेर जात नाही. दादाने काटे जुळवून ओळीने मांडून ठेवले, पहिल्या दिवशी तीन, आठवड्यात अकरा. धाकटा रोज वेळेवर यायचा, स्टुलावर बसून पेपर वाचायचा आणि वेळेवर घरी जायचा. दादा त्याच्याशी बोलायचा नाही, तो दादाशी बोलायचा नाही, आणि दादा माझ्यामार्फत पक्कड मागायचा, धाकटा माझ्यामार्फत द्यायचा. माझा जीव नुसता विटला.

त्या अकरांत प्रसूतिगृहाचा बाळं तोलायचा काटा होता. तिथल्या सिस्टर दर दोन दिवसांनी यायच्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं, "बाई, एक पोर सातव्या महिन्यातलं आहे. रोज दहा-वीस ग्रॅमनी वाढतंय की नाही ते बघावं लागतं. आम्ही शेजारच्या दवाखान्यात नेऊन तोलतोय, उचलून, या गारठ्यात." दोन्ही भावांनी ते ऐकलं. दोघांच्याही माना खाली गेल्या, पण दोघंही जागचे हलले नाहीत. मला दोघांच्याही पाठीत धपाटे घालावेसे वाटले, वयं पंचावन्न आणि एकोणपन्नास असली तरी.

अशातच फेरमोजणी निघाली. दादाच्या पक्षाने अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला. चिठ्ठ्या टाकून आमच्या भागातून एकच टेबल निघालं, सात नंबर. पक्षातर्फे समोर बसायला नजर बारीक असलेला माणूस हवा होता, तर पक्षाच्या वकीलसाहेबांनी दादाचं नाव दिलं. मी निवडणूक कचेरीत जाऊन विचारलं, अहो, सख्खा भाऊ चालतो का? साहेब म्हणाले, "नियमात मनाई नाही. आणि या भागात एकमेकांच्या नात्यातली नसलेली दोन माणसं शोधायची तर आठवडा जाईल."

शनिवारी सकाळी तोच शाळेचा हॉल. मध्ये एक टेबल, एका बाजूला अधिकारी आणि धाकटा, समोर दादा आणि दुसऱ्या पक्षाचा एक तरुण, जो सारखा जांभया देत होता. दोरीच्या अलीकडे बाकांवर आम्ही बघणारे. धाकट्याने स्वतःच्या सहीच्या पेट्या फोडल्या. पन्नास-पन्नास मतपत्रिकांचे गठ्ठे, रबर लावलेले, वर चिठ्ठी. दादाच्या पक्षाची सहाशे बारा मतं, त्यांची सातशे अठ्ठ्याण्णव.

दादाने आधी 'त्यां'चे गठ्ठे घेतले. एकेक पत्रिका उलटून, उजेडाकडे धरून. सोळा गठ्ठे आणि दोन तास गेले. एक कागद इकडचा तिकडे नाही. मी धाकट्याकडे बघत होते. तो हात मांडीवर ठेवून बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा.

मग स्वतःच्या पक्षाचे. आठ गठ्ठे झाले. नवव्यात दादाचा अंगठा मध्येच थांबला.

दादाला काही सापडलं की आधी त्याचे कान लाल होतात. हे मला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. अधिकारी चष्मा पुसत होते, तो तरुण खिडकीबाहेर बघत होता, धाकटा मांडीकडे. कागद नुसता उलटला असता तर जगात कोणालाही कळलं नसतं. दादा तसाच बसला. मग त्याने ती पत्रिका गठ्ठ्यातून ओढून काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"हे आमचं नाही," तो म्हणाला.

"मग?" अधिकारी म्हणाले.

"समोरच्यांचं आहे. इथे चुकून आलंय."

अधिकाऱ्यांनी पत्रिका बघितली, लिहून घेतलं. सहाशे बाराचे सहाशे अकरा, सातशे अठ्ठ्याण्णवचे सातशे नव्व्याण्णव. शेवटपर्यंत मोजूनही त्या टेबलावर एवढीच एक चूक निघाली. जांभया देणारा तरुण खडबडून जागा झाला. धाकट्याने गठ्ठ्यावरची स्वतःची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. घरी जाताना तो मला म्हणाला, "ताई, पन्नास मोजले, तळहातावर घेतले, पन्नास भरले. हात कधी चुकत नाही ना, म्हणून पुन्हा उलटून बघितले नाहीत. वजनाने पन्नासच होते गं." त्याला रडू येत होतं. वजनमापवाला नसता तर ही चूक त्याच्या हातून झालीच नसती, कारण बाकीचे सगळे दोनदा उलटून बघत होते.

सोमवारी दुकान उघडतंय तोच वकीलसाहेब हजर. गळ्यात मफलर, हातात टाइप केलेला कागद, चेहरा अगदी लग्नघरासारखा. "दादासाहेब, कमाल केलीत! फक्त इथे सही करा."

दादाने कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. तो सगळं मोठ्यानेच वाचतो. लिहिलं होतं की सात नंबरच्या टेबलावर मतांच्या गठ्ठ्यात गैरप्रकार आढळला, सबब मोजणी करणाऱ्याची चौकशी व्हावी आणि संपूर्ण मोजणी रद्द ठरावी.

चौकशी लागली की ती संपेपर्यंत शिक्का खात्याकडे जमा होतो. शिक्का गेला की या धंद्यात माणूस गेलाच. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. धाकटा स्टुलावर बसला होता, पेपर हातात होता, पण पान उलटत नव्हतं. मी काउंटरची कड घट्ट धरली. देवाशपथ सांगते, दादाने त्या दिवशी सही केली असती तर मी त्याच्या घरची पायरी पुन्हा चढले नसते.

"यात एक ओळ राहिली," दादा म्हणाला.

"कुठली?"

"चूक आपल्या फायद्याची होती. त्याचं मत आपल्याकडे मोजलं गेलं होतं."

वकीलसाहेब हसले. "अहो, ते कशाला सांगायचं? चूक सापडली हे खरं आहे ना? मग झालं तर. एक सापडली म्हणजे आणखी असणारच."

"मी चौदाशे दहा कागद बघितले. आणखी नव्हती."

"या टेबलावर नसतील. बाकीच्या टेबलांवर?"

दादाने कागद काउंटरवर ठेवला. हे त्याचंच वाक्य होतं, याच दुकानात, याच काउंटरवर बोललेलं. मी त्याचे कान बघितले. लालबुंद.

"ती मी तपासलेली नाहीत," तो शेवटी म्हणाला. "ती ओळ घाला, मी सही करतो."

"ती ओळ घातली तर या कागदाचा उपयोग काय?"

"मग घेऊन जा."

"दादासाहेब, तुम्ही आपले ना?"

"आपलाच आहे. पुढच्या वेळीही मत तुम्हालाच देणार. पण हे घेऊन जा."

वकीलसाहेबांनी कागदाची घडी केली, माझ्याकडे असं बघितलं की जणू हे सगळं मीच घडवून आणलं, आणि गेले. मी म्हटलं, "या हं पुन्हा." उगाच. मला राहवलं नाही.

वकीलसाहेब वळणाआड गेले. मग धाकटा उठला, फळीवरची चुकांची वही काढली आणि दादासमोर ठेवली. "चूक माझी आहे. पकडलीस तू. लिही."

"ती दुकानातली नाही."

"हात दुकानातलाच होता."

दादाने पेन घेतलं. तारीख घातली. 'सात नंबरच्या टेबलावर' एवढं लिहिलं आणि थांबला. चुकांच्या वहीत आडून लिहिलेलं चालत नाही. कोणाचा काटा, कोणतं वजन, सगळं स्पष्ट लागतं, नाहीतर आप्पा पान फाडून पुन्हा लिहायला लावायचे. पेनाचं टोक कागदावर टेकून तो इतका वेळ बसला की शाईचा ठिपका पडला. मग त्याने लिहिलं: 'राष्ट्रपतींचं एक मत आमच्या गठ्ठ्यात सापडलं.'

"मला तो आवडत नाही, हेही खाली लिहू का?" त्याने विचारलं.

"त्याला रकाना नाही," मी म्हटलं.

धाकट्याने खाली सही केली आणि वही मिटायला गेला, तर दादाने वहीवर हात ठेवला. "थांब." वही पुन्हा स्वतःकडे ओढली आणि त्याच पानावर दुसरी नोंद केली. मी मान तिरकी करून वाचली. 'न तपासता सगळी मोजणी खोटी म्हणालो. पकडली धाकट्याने.' खाली स्वतःची सही, नेहमीसारखी लफ्फेदार.

धाकटा ते पान बघत राहिला. मग त्याने नाक ओढलं आणि माझ्यापुढे हात केला. "ताई, किल्ली."

पहिला बाहेर निघाला तो बाळांचा काटा. धाकट्याने त्यावर वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली, आणि शिशाच्या सीलवर त्या अंगाने शिक्का मारला. सिस्टरांना निरोप पाठवायची गरज पडली नाही, मी स्वतःच काटा घेऊन प्रसूतिगृहात गेले. ते सातव्या महिन्यातलं पोर माझ्यासमोर तोललं त्यांनी. अठराशे चाळीस ग्रॅम. आदल्या दिवसापेक्षा वीसने जास्त.

परत आले तर दोघं स्टोव्हपाशी भांडत होते. एका दिवसात दोन चुका, मग चहा कोणी करायचा? शेवटी दोनदा झाला. दादाचा अगदी पांचट होता, पण मी एक अक्षर बोलले नाही.