डावी मूठ

घाबरू नका, मी रिकामा आहे. माणसाला धाक घालणं माझ्या स्वभावातच नाही. कागदाला भोकं पाडणारं साधं नेमबाजीचं पिस्तूल मी, पॉइंट टू टू बोअरचं, बारीक गोळीचं. चेक देशातल्या ताबोर गावी कुबातच्या बंदुकांच्या दुकानात, काचेच्या कपाटात मी आठ महिने तळमळत पडलो होतो.

माझा पहिला मालक वेंदेलिन सुतार. गडी डावखुरा. अक्रोडाच्या लाकडाची माझी मूठ त्याने स्वतःच्या डाव्या पंजाच्या मापाने कोरली. वीस वर्षं आम्ही एक रविवार चुकवला नाही. तो गेला आणि त्याच्या बायकोने मला विकायला ठेवलं. कुबात म्हणाला, "वहिनी, नाताळपर्यंत खपलं तर ठीक. नाहीतर पोलिसांकडे जमा करू, ते वितळवून टाकतील." माझ्या तोंडावर बोलला हो!

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. दाराची घंटा वाजली की वाटायचं, आलं कोणीतरी. येणारा उजव्या हाताने मला उचलायचा, "किती टोचतंय!" म्हणत परत ठेवायचा. या देशात जुन्या पिढीतले बहुतेक डावखुरे शाळेतच छड्या मारून उजवे केलेले. माझं गिऱ्हाईक येणार तरी कुठून?

ऑक्टोबरात ब्लाझेना आली. टपाल वाटणारी, पन्नाशीकडे झुकलेली बाई, हातात जंगलातल्या अळंब्यांची टोपली. सोबत तिच्या बहिणीचा नवरा ओल्द्रिख. नुकताच परवाना मिळाला होता तिला. नेमबाजीच्या क्लबातली उसनी पिस्तुलं घेऊन वर्षभर सराव केला, पण गोळ्या सगळ्या कागदाबाहेर.

"हे घे," ओल्द्रिखने एक नवंकोरं दांडगं पिस्तूल दाखवलं. "धाड्कन आवाज झाला पाहिजे!"

"काडतुसं महाग आहेत त्याची," कुबात म्हणाला. "आणि झटका असा देतं की बाई नेम विसरून मनगट चोळत बसतील. पहिलं पिस्तूल लहान घ्यावं, भरपूर चालवावं."

"माझ्याकडे पाच हजार कोरुना आहेत, दाजी," ब्लाझेना म्हणाली. "आणि एकच संधी. या पिस्तुलानेही जमलं नाही, तर क्लब सोडणार मी." तिने माझ्याकडे बोट केलं. "हे केवढ्याला?"

"साडेचार. पण ते डावखुऱ्याचं."

"मग राहू दे."

संपलं, म्हटलं मी. आता भट्टीच.

दोघे पुरुष वाद घालत बसले. वेळ जाईना म्हणून बाईने टोपलीतली एक अळंबी घेतली, खिशातून चाकू काढला आणि किडका भाग सफाईने कापून टाकला. कुबात बोलता बोलता थांबला.

"बाई, चाकू कोणत्या हातात आहे?"

तिने हात झटकन पाठीमागे लपवला. चोरी पकडल्यासारखी लाल झाली. "जंगलात कोणी बघत नाही ना... पहिलीत बाईंनी हा हात बाकाला बांधून ठेवला होता. तेव्हापासून सगळं उजव्याने."

कुबातने मला बाहेर काढलं, रिकामा आहे याची खात्री केली आणि तिच्या डाव्या हातात दिलं. नळी भिंतीकडे. तिची बोटं मुठीवर बसली आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं.

"आता डाव्याने मारणार?" ओल्द्रिख म्हणाला. "लोक हसतील, मेहुणीबाई!"

"हसू देत, दाजी. उजव्याने मारते तेव्हा काय टाळ्या वाजवतात?"

तिने मला विकत घेतलं. पहिल्या रविवारी मैदानावर तिच्याहून माझीच धाकधूक जास्त. पहिली गोळी मातीत. दुसरीही. ती थांबली, श्वास सोडला, चाप हळूहळू दाबला. दहातल्या सहा कागदावर, दोन काळ्या वर्तुळात.

मैदानाच्या प्रथेप्रमाणे कागदावर सही करायची होती. तिने पेन उजव्या हातात घेतलं, जरा विचार केला, मग डाव्यात घेतलं. अक्षरं तिरकी, एकमेकांवर चढलेली.

"पहिलीतल्या पोरीची सही वाटते," ओल्द्रिख खिदळला.

"तिचीच आहे," ब्लाझेना म्हणाली.

आता मी तिच्या लोखंडी कपाटात असतो आणि रविवारपर्यंत तगमगत राहतो. तुमच्याकडे मागणं एकच. घरातलं एखादं पोर डाव्या हातात पेन्सिल धरत असेल, तर धरू द्या. नाहीतर त्याला स्वतःची सही करायला चाळीस वर्षं लागतात.