चिकटवलेलं आठवं पान

मी एक परत आलेली कथा बोलतेय. एकदा नाही, दोनदा परत आलेली. छापून आलेल्या कथांसारखा माझा थाट नाही. मी म्हणजे निळ्या शाईनं लिहिलेली अकरा पाठकोरी पानं आणि कोपऱ्यात एक टाचणी. नावं ठेवायची तर ठेवा, पण आधी ऐकून घ्या. आजवर मी गप्प बसले आणि त्याचीच मला लाज वाटते.

माझा लेखक बाइंडर आहे. वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं त्याच्या दुकानात येतात आणि ताठ मानेनं परत जातात. पानं जुळवून शिवण्याचं काम त्याच्या थोरल्या बहिणीचं, खळ लावून पुठ्ठा चढवण्याचं त्याचं. इतक्या लोकांचं लिखाण हाताखालून गेल्यावर त्याला वाटलं, आपणही लिहावं. रोज दुपारी जेवण झालं की तो खळीचं भांडं बाजूला सारून बसायचा. तीन महिन्यांत मी तयार झाले.

मी त्याच्या आईच्या आजारपणाची गोष्ट. इस्पितळातले तिचे शेवटचे अठरा दिवस माझ्यात आहेत. आठव्या पानावर मुलगा आईचा हात धरून बसतो, चमच्यानं पाणी पाजतो, आणि ती त्याला आशीर्वाद देऊन डोळे मिटते.

पक्की प्रत त्यानं आधी ताईला दिली. तिनं हात पुसून मला वाचलं, पानं टेबलावर आपटून सारखी केली आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय हं."

बस, एवढंच. त्याला ते फार लागलं.

वाचनालयाचे ग्रंथपाल दुकानात नेहमीचे. त्यांनी त्याला एक युक्ती सांगितली. "अहो, संपादक कुठलं वाचतायत! मधली दोन पानं हलकेच चिकटवून पाठवा. तशीच परत आली, तर समजा, उघडूनसुद्धा बघितली नाही."

त्यानं मसुराएवढी खळ घेतली आणि माझं सातवं पान आठव्याला चिकटवलं. अकरा पानं होती, कुठलीही दोन चालली असती. पण त्याचा हात तिथेच गेला. परतीचं तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट त्यानं सोबत ठेवलं आणि मी निघाले.

पहिल्या मासिकात चार महिने मी एका गठ्ठ्याच्या तळाशी होते. तिथे मला खरोखरच कुणी उघडलं नाही. 'साभार परत' अशी छापील चिठ्ठी घेऊन घरी आले, तर माझा लेखक चक्क खूश! "बघ ताई, वाचलीच नाही त्यांनी!"

दुसऱ्या मासिकाच्या संपादकबाईंनी मात्र मला पहिल्या ओळीपासून वाचलं. सातव्या पानानंतर त्या अडखळल्या, जराशा हसल्या. पट्टीची कड हळूच आत सरकवून त्यांनी पानं सोडवली. आठवं पान दोनदा वाचलं. मग टेबलावरचा डिंक घेतला आणि मला अगदी त्याच जागी पुन्हा चिकटवलं.

"पुन्हा तशीच!" माझा लेखक ओरडला. आता मला सांगा, बाइंडर माणूस हा. त्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद असतं, ती वाळली की किंचित निळसर दिसते. डिंक पिवळा आणि चकचकीत. दुसऱ्या दुकानातलं काम नुसत्या वासावरून ओळखणाऱ्याला हे दिसू नये? खिडकीतून लख्ख उजेड येत होता. त्यानं बघितलंच नाही. आणि मी? मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण आलं असतं तरी बोलले नसते. वाचून नाकारलेली म्हणवून घेण्यापेक्षा न वाचलेली म्हणवून घेणं मलाही बरं वाटत होतं.

त्यानं संपादकबाईंना तिखट पत्र लिहिलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला त्याची नक्कल वाचून दाखवली. आठ दिवसांनी उत्तर आलं तेव्हा ग्रंथपाल दुकानातच होते.

"माफी मागितली असणार. मोठ्यानं वाचा की!"

त्यानं घसा साफ केला. "कथा मी पूर्ण वाचली होती. पानं मीच पुन्हा चिकटवली..." ग्रंथपालांनी आपली पुस्तकं उचलली आणि 'येतो' म्हणून निघून गेले.

पुढचं त्यानं मनातल्या मनात वाचलं. मी समोरच पडले होते, मलाही दिसलं. बाईंनी लिहिलं होतं: "एके काळी मीही अशीच पानं चिकटवत असे. कथा न वाचता परत आली असं वाटलं, की निदान दोन घास जातात. तुमचा तेवढा आधार काढून घ्यावासा वाटला नाही. चुकलंच माझं. आता विचारलंत म्हणून सांगते. सात पानं खरी आहेत. आठव्या पानावरच्या मुलाला मात्र त्या खोलीत खुर्ची कुठे आहे, हेही माहीत नाही. तुमच्या कथेत डबा घेऊन येणाऱ्या बहिणीला ते माहीत असावं. तिला विचारून लिहिलंत, तर पुन्हा पाठवा."

त्याचे कान लाल झाले. पत्र त्यानं ताईपुढे ठेवलं.

"तुला कळलं होतं?"

"डिंक तेव्हाच दिसला मला," ताई शिवता शिवता म्हणाली.

"आणि आठवं पान?"

"अरे, अठरा दिवसांत तू दोनदा आलास. दोन्ही वेळा दारातूनच परत फिरलास. म्हटलं, लिहून तरी बसू दे याला तिच्याजवळ."

लाजेनं पानं आक्रसत असती, तर माझी त्या वेळी आक्रसली असती. ते खोटं मीच तर अंगावर वागवत होते.

मग त्यानं माझी टाचणी काढली. मला पालथं घातलं. पेन उघडून, वर न बघताच त्यानं विचारलं, "ताई, शेवटी आई काय म्हणाली?"

आई गेल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं त्यानं. ताईची सुई थांबली.

"माझं नाव घेतलं का तिनं?"

"नाही रे. 'खिडकी लाव' म्हणाली. थंडी वाजत होती तिला."

तेच त्यानं माझ्या पाठीवर लिहिलं. त्याच्या आधी एक ओळ लिहिली: 'मी तिथे नव्हतो.'

आता माझी पुढची बाजू कुणी वाचणार नाही. पाठीवरच्या कथेची पक्की प्रत झाली, की मी रद्दीत जाईन. जाऊ दे. बाइंडरदादा, माझं एकच मागणं आहे. ती नवी प्रत पाठवताना खळीचं भांडं झाकून ठेव. तीही परत आली, तर येऊ दे. वाचून परत येऊ दे.