सतराव्या सोमवारचे गहू

जीवराम जळगावातल्या टॉकीजवर दरवान होता, म्हणून मामा-मामींना रविवारचा दुपारचा खेळ फुकट. चित्रपट इंग्रजी. भिकुबाईला बोलणं कळेना, तर जीवराम मागून सांगत होता, "मामी, हा म्हातारा घरीच नोटा छापतो. लहानातली लहान. पीठ संपलं की एक."

"हावरट नही शे बिचारा," भिकुबाई म्हणाली. सगळे हसत होते. तिचा नवरा, तोताराम कल्हईवाला, तेवढा हसला नाही.

हात कापू लागले तशी त्याची कामं सुटली. डबा रिकामा झाला, की भिकुबाई देवळात गेल्यावर तो कथील-शिसं वितळवून साच्यात एखादी चार आण्यांची पावली ओतायचा. गेल्या चार महिन्यांत मात्र पुष्कळ ओतल्या. तिनं सोळा सोमवार धरले होते, त्याच्याच हातांसाठी; व्रताचे गहू त्या पावल्यांनीच यायचे. उद्या सतराव्या सोमवारी उद्यापन, पाच शेर गव्हाचा चुरमा.

घरी येताच ती जात्यापाशी बसली. पहिली मूठ घालणार, तोच त्यानं खुंटा धरला.

"हाऊ गहू दळू नको."

"का? किडा लागना का?"

"त्या पावल्या मना हातन्या शेतस. बठ्ठ्या, एकूणएक."

"पहिला सोमवारपाइन?"

त्यानं मान हलवली. तिनं मूठ हळूच सुपात सोडली. "मी देवले तुमनाच हात मांगी राहिंती," एवढंच म्हणाली. मग गव्हाची पिशवी उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

ज्याच्याकडून गहू आणले, त्या नूर महंमद वाण्यानं दुकानात सगळं ऐकून घेतलं. गल्ल्यातून तीन पावल्या काढल्या. "आबा, यावरचा सिंह मांजरीसारखा दिसतो, तेव्हाच कळायला हवं होतं मला! बाकीच्या गेल्या. कुणाच्या हाती, अल्ला जाणे."

ते तोतारामला फार लागलं. कुण्या गरिबाच्या पदराला त्याची पावली असेल. तो खालीच बसला. "पोलिसात द्या मले."

"आधी साचा द्या," नूर महंमद म्हणाला, आणि तोतारामनं सोबत आणलेला साचा वजनाच्या दगडाखाली फोडला. "लेकीचं, कनीजचं लग्न आहे. जेवणावळीची मोठी भांडी, चार देगा, कल्हईला काढल्यात. नुकसान मजुरीतून फेडा, उरेल त्याचे गहू न्या."

तीन दिवस भिकुबाईनं देग सांडशीनं धरून फिरवली. तो आत कथील फिरवत राहिला. हात कापतच होता. ती देग त्याच्या हाताच्या चालीनं वळवी.

पुढच्या सोमवारी पहाटे तिनं नव्यानं पहिला सोमवार धरला. चूल पेटवून म्हणाली, "तुमनी भाकर टाकू ना?"

"नको," तोताराम अंघोळीच्या दगडावरून म्हणाला. "मनाबी सोमवार शे."