पुष्करच्या हातातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. विजेवर नाही, बॅटरीवर चालतो. माझी कड चिरलेली आहे आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. माझं पुढचं तोंड मोठं आणि मागचं लहान. मागच्या तोंडाशी कुणी कुजबुजलं, की पुढच्या तोंडातून ते सगळ्या मैदानाला ऐकू जातं. आत काय बोललं जावं हे माझ्या हातात नसतं. तसं असतं, तर मी पुष्करच्या हाती लागल्या दिवशीच मुका झालो असतो.

माझी पहिली वर्षं फार चांगली गेली. थेम्सच्या काठावर एक बाई सायकलवरून जायच्या आणि नदीत नाव वल्हवणाऱ्या मुलींना माझ्यातून दोनच शब्द सांगायच्या. मग बराच वेळ नुसत्या बघत राहायच्या. त्या मला रोज मऊ फडक्याने पुसत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, सायकल सुटली, आणि मी लंडनमधल्या पिनरच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, जुन्या किटल्यांच्या शेजारी येऊन बसलो. तिथून पुष्करने मला उचललं.

पुष्कर मूळचा पुण्याचा. इथे एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याआधी दीड वर्ष तो अमेरिकेत होता, आणि तिथे त्याने अमेरिकन फुटबॉल पाहिला. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू लांबट असतो, डोक्यावर हेल्मेट असतं, आणि चेंडू हातात असलेल्या माणसाला आडवं करायला समोरून दांडगे गडी धावून येतात. पुष्करने हा खेळ सोफ्यावर बसून, मांडीवर चिप्सचं पाकीट घेऊन पाहिला. इथे आल्यावर मात्र तो सांगू लागला की, मी ओहायोच्या एका कॉलेजच्या टीमबरोबर होतो. बरोबर म्हणजे प्रेक्षकांत, हे सांगायचं तो विसरायचा.

लंडनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या मुलांना कोच मिळत नव्हता. फुकट येणारा माणूस कोण नाकारणार? पुष्कर त्यांचा आक्रमणाचा कोच झाला. आपल्याकडे चेंडू असताना कोणती चाल खेळायची, कुणी कुठे पळायचं, हे तो ठरवणार. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मी. पावसातसुद्धा तो चष्मा त्याने कधी काढला नाही.

पहिल्या वर्षी टीमने सपाटून मार खाल्ला. बाकीचे कोच हातांच्या खुणांनी चाली सांगायचे. पुष्करला खुणा पाठ होईनात. मग त्याने एक युक्ती काढली आणि स्वतःवरच खूश झाला. चाली तो माझ्यातून मराठीत ओरडू लागला. "डावीकडून!" "मधून!" "लांब फेक!" वेल्सची आणि यॉर्कशरची ती गोरी पोरं हे शब्द पाठ करून आली. डेव्हनकडच्या आणि केंटकडच्या टीमना काही कळेना, आणि आमची टीम जिंकू लागली. पुष्कर हरभऱ्याच्या झाडावर जो चढला तो उतरलाच नाही. बँकेत, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, शेजाऱ्यांच्या बार्बेक्यूला, जिथे तिथे तो आपली युक्ती सांगत सुटला. चिखलात मार खाणारी मुलं त्याच्या गोष्टीत कुठेच नसायची.

त्या मुलांत समर होता. चेंडू फेकणारा तोच, म्हणजे चाल कोणतीही असो, सगळ्यांत जास्त मार त्यालाच बसायचा. समर लंडनमधल्याच स्टॅनमोरचा, तिथेच जन्मलेला. घरी मराठी बोलणारा. त्याला अग्निशमन दलात जायचं होतं. उन्हाळ्यात त्याची शारीरिक चाचणी होती, आणि त्याचा उजवा खांदा आधीच एकदा निखळून बसवलेला होता. पुन्हा निखळला तर चाचणी विसरायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुष्करला हे सगळं ठाऊक होतं. समरने स्वतः त्याला सांगितलं होतं, तेव्हा मी पुष्करच्या काखेत होतो.

मग स्पर्धेचा अंतिम सामना आला, आणि तो नेमका हॅरोमध्ये होता. हॅरोमध्ये, मित्रांनो. जिथे भाजीच्या दुकानात रांगेत उभं राहिलं तर पुढे मराठी आणि मागे गुजराती ऐकू येतं. दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीचे दोन पाहुणे त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांना मुख्य कोच हवा होता आणि पुष्करच्या युक्तीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. पुष्कर सकाळपासून फुगून बसला होता. मला मात्र त्याने नेहमीसारखं गाडीच्या डिकीत चिखलाच्या बुटांवर टाकून आणलं होतं.

सामना सुरू झाला, आणि पहिल्या चालीपासून काहीतरी भलतंच घडू लागलं. मी "डावीकडून" ओरडलो, की समोरचा पन्नास नंबरचा आडदांड गडी डावीकडे पोचलेला. "मधून" ओरडलो, की तो मधे उभा. प्रत्येक वेळी समर खाली आणि तो वर. समर उठायचा, खांदा चाचपायचा, पुन्हा उभा राहायचा. माझाच आवाज त्याला मारत होता. मला माझी लाज वाटत होती.

मध्यंतराला हेल्मेटं निघाली, तेव्हा समरने त्या पन्नास नंबरला ओळखलं. तो धावत पुष्करकडे आला.

"कोच, तो वीर आहे. लहानपणी मंडळाच्या संडे क्लासला माझ्याबरोबर होता. त्याला मराठी येतो. ही इज हिअरिंग एव्हरीथिंग."

पुष्कर हसला. मित्रांनो, ते हसू मी अगदी जवळून पाहिलं, आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून उतरला.

"अरे, इथे वाढलेल्या पोरांना कसलं मराठी येतंय? 'कसा आहेस'च्या पुढे तुमची गाडी जात नाही. तू फक्त चेंडू नीट फेक."

हातांच्या खुणा करू, किंवा मीच चाल ठरवतो, असं समर परोपरीने सांगत राहिला. पण पाहुणे बघत होते. ज्या युक्तीसाठी ते आले तीच त्यांच्यासमोर सोडायची, हे पुष्करला कसं जमणार? एका पोराचा खांदा गेला तर गेला. त्याने हे बोलून दाखवलं नाही, पण मला पुन्हा तोंडाला लावलं, यातच ते आलं.

उत्तरार्धही तसाच गेला. समर पडत राहिला आणि उठत राहिला. शेवटच्या चालीला आम्ही थोडक्यात मागे होतो. समरचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. त्याने कडेला येऊन सांगितलं की जवळचा, छोटा पास देतो. पुष्करने नकारार्थी मान हलवली आणि माझ्यातून ओरडला, "लांब फेक!" पन्नास नंबर लगेच दोन पावलं सरकला. समरने ते पाहिलं. मग त्याने शांतपणे हेल्मेट काढलं, चेंडू पंचांच्या हातात दिला आणि मैदानाबाहेर चालत आला. तीन वर्षं ज्या सामन्याची वाट पाहिली तो त्याने तिथे सोडला.

त्याच्या जागी आलेला मुलगा क्षणात आडवा झाला आणि आम्ही हरलो. पुष्करच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाला काय कळतंय, अशा खात्रीने तो माझ्यातून समरवर गरजला, "भित्रा! पळपुटा साला!"

सगळं मैदान ओलांडून वीर आमच्याकडे आला. घामाने निथळत होता. पुष्करसमोर उभा राहून तो अडखळत, पण स्पष्ट बोलला.

"काका, तुमचा मराठी मला सगळा कळतो. तुम्ही ओरडला की मी आधीच तिथे जायचो. समरला माहीत होता मी येणार, तरी तो उभा राहिला. एव्हरी सिंगल टाइम. तो भित्रा नाही आहे."

मग तो समरकडे गेला आणि त्याची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. दोघं मिळून गाड्यांकडे निघून गेले.

पाहुणे जवळच होते. तो मुलगा काय म्हणाला, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. पुष्करने काळा चष्मा सारखा केला आणि इंग्रजीत सांगितलं की, तो माझे आभार मानत होता. मोठ्यांचा मान राखणं ही आमची संस्कृती आहे. पाहुणे गहिवरले. महिनाभरात पुष्कर त्यांचा मुख्य कोच झाला.

समर पुढे चाचणी पास झाला. तेही पुष्कर आता लोकांना सांगतो, माझ्या शिस्तीत तयार झालेला मुलगा म्हणून. आणि नव्या टीमसाठी त्याने नवी युक्ती काढली आहे. मराठी आता फुटली, म्हणून चाली गुजरातीत सांगायच्या. पुढच्या आठवड्यात आमचा सामना पुन्हा हॅरोमध्ये आहे.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, बॅटऱ्या काढून ठेवा, चिखलात टाकू नका, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. माझ्यातून कुणी मोठ्याने ओरडू लागला, की माझ्याकडे बघू नका आणि त्याच्याकडे तर मुळीच नको. त्या आवाजाने कोण खाली पडतंय ते बघा, आणि जाऊन त्याची बॅग उचला.